मुकादमाची शिकवणी

"बस," आसाराम म्हणाला, आणि मुकादम उडी मारून त्याच्या छातीवर चढला.

मुकादम म्हणजे कुत्रं. ऊसतोडीच्या टोळीच्या खऱ्या मुकादमासारखं तेही काही काम न करता सगळ्यांच्या आधी जेवायचं, म्हणून हे नाव. खऱ्या मुकादमाला हे ठाऊक होतं. त्याची तक्रार एवढीच, की कुत्रं फार पळतं.

ते मात्र खरं. कोंबडीमागं पळायचं, फटफटीमागं पळायचं, वाऱ्यानं उडालेल्या पिशवीमागंही पळायचं. मागच्या साली टोळी निघाली तेव्हा ट्रॅक्टरमागं पार डांबरीपर्यंत आलं. चाकाखाली जाईल म्हणून आसारामच्या बायकोनं, रेश्मानं, त्याला ट्रॉलीत ओढून घेतलं. कुत्रं कारखान्यावर गेलं आणि आसारामची म्हातारी आई लंकाबाई पाथर्डीकडच्या वस्तीवर हंगामभर एकटी राहिली. एकदा फोनवर म्हणाली, "आता भिताडाशी बोलायची सवं लागली बग. भिताड भुकत न्हाई, बरं हाय."

तेव्हापासून आसारामच्या डोक्यात एकच होतं. औंदा कुत्रं म्हातारीपाशी राहिलंच पाहिजे. म्हणून ही शिकवणी.

त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. आवाज चढवू नका, 'बस' म्हणताना तळहात दाखवा, बसलं की लगेच खाऊ द्या. व्हिडिओतलं कुत्रं गालिच्यावर बसलं होतं. आसारामनं पोतं अंथरलं आणि बिस्किटांचा पुडा फोडला.

"बसल्याचं बिस्कीट मिळतंय व्हय?" ओट्यावरून लंकाबाई म्हणाली. "आधी सांगायचं की. जलमभर उगंच उभी ऱ्हायले."

दिवाळीपर्यंत मुकादम बसायला शिकला. कोंबडी गेली, तो बसून. फटफटी गेली, तो बसून. शेपूट तेवढी हलायची. शेपटीचं व्हिडिओत काही नव्हतं.

राहिला ट्रॅक्टर. सरावापुरता ट्रॅक्टर कोण देणार? शेवटी रेश्माच ट्रॅक्टर झाली. डोक्यावर बोचकं घेऊन, तोंडानं फटफट करत ती अंगणातून वळणाकडं निघाली. मुकादम उठला. रेश्मा माघारी आली, पुन्हा निघाली. मुकादम पुन्हा उठला. ट्रॅक्टरचं डिझेल संपत आलं.

"आवो, तुमचं कुत्रं मठ्ठ हाय," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "येकाला दुसरं शोभतंय."

कुत्रं मठ्ठ नव्हतं. पुढच्या खेपेला आसारामनं नीट पाहिलं. ते रेश्माकडं बघतच नव्हतं. ते ओट्याकडं बघत होतं. आवाज झाला की ओट्यावर लंकाबाई उठायची. पदर सावरायची. पायानं चप्पल चाचपायची. ती उठली की ते उठायचं. दरसाली टोळी निघाली, की म्हातारी अशीच उठून वळणावरच्या चिंचेपर्यंत ट्रॉलीमागं चालत यायची. तिथं थांबायची. कुत्र्याला थांबायचं कळलं नव्हतं, एवढंच.

आता तर ती सुनेच्या तोंडच्या ट्रॅक्टरलाही उठत होती.

आसाराम तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. त्यानं पुड्याचा कागद चुरगाळला.

"आये, तू उठलीस का ते उठतंय. औंदा चिंचंपर्यंत येऊ नको. हितंच बसून ऱ्हा."

लंकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग कुत्र्याकडं.

"बिस्कीट देशील का?"

"आख्खा पुडा देतो."

रेश्मा हसली. आसारामही हसला. म्हातारी हसली नाही, पण तिला दात कमी होते, त्यामुळं तसं सांगता येत नव्हतं.

टोळी निघायच्या दिवशी ट्रॅक्टर सकाळीच आला. ट्रॉलीत बाजरीची पोती चढली, भांडी चढली, कोयते चढले, एक शेळी ओरडत चढली. आसारामनं पुडा आईच्या मांडीवर ठेवला आणि मागं न बघता वर चढला.

ट्रॅक्टर हलला. वस्तीवरच्या साऱ्या म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावून मागं निघाल्या. लंकाबाई निघाली नाही. एक हात कुत्र्याच्या मानेवर, पाय चपलांपासून लांब ओढून घेतलेले, अशी ती बसून राहिली. कुत्रं तिच्या तोंडाकडं बघत बसलं. आज त्याची शेपूटही हलली नाही. शिकवणीला इतकं यश व्हिडिओवाल्यालाही आलं नसेल.

चिंच आली. खाली दुसऱ्यांच्या आया उभ्या होत्या.

आसाराम पोत्यांवरून ताडकन उठला. त्यानं एक पाय ट्रॉलीच्या फळीबाहेर टाकला. मधल्या रिकाम्या रानापलीकडं त्याचा ओटा इथूनही दिसत होता. तिकडं म्हातारीनं हात वर केला. तो निरोपाचा नव्हता, हलतच नव्हता. बोटं जुळवलेली, तळहात सरळ समोर. शिकवणीत तो कुत्र्याला दाखवायचा तसाच.

आसाराम बसला.

बिस्किटांचा पुडा मात्र तिकडं, तिच्यापाशी होता.