गालावरचा चट्टा

"शेवंतामावशी, बघा ना, बाळाच्या गालावर हे गोल काय उठलंय!" ताई ट्यूबचं झाकण उघडत म्हणाल्या. "मेडिकलवाला म्हणाला, दोन दिवसांत जाईल."

हीच ट्यूब मावशींनी स्वतःच्या दंडाला लावली होती. तिने गजकर्ण दोन दिवस दबलं आणि मग दंडभर पसरलं. त्याच दंडावर डोकं ठेवून बाळ रोज झोपायचं. गप्प बसलं तर बाळ सांभाळायचं काम टिकणार होतं; बोललं तर कुठल्याच घरी उभं करणार नव्हते.

"ताई, नका लावू ती!" त्यांनी बाही वर सरकवली. "माझं असं झालंय. माझ्याकडूनच लागलंय त्याला. चामडीच्या डॉक्टरांकडे न्या."

ताईंनी त्यांच्या मांडीवरून बाळ ओढून घेतलं. ते रडत मावशींकडेच झेपावू लागलं. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.