साडूचा गार डबा

दोघा साडूंनी एकाच आराखड्यावरून, आपापल्या फ्रिजसाठी, घरच्या घरी स्टॅबिलायझर बनवला. थोरल्या साडूच्या डब्याला झकास पॉलिश होतं, हवेसाठी भोक मात्र एकही नव्हतं. तरी कधीही हात लावा, डबा गारेगार! धाकट्याचा तासाभरात तव्यासारखा तापायचा.

"भाऊजींचा डबा बघा, नाहीतर तुमचा!" बायको येता-जाता ऐकवायची, आणि डब्याआधी हाच तापायचा. त्याने डब्याला वरून भोकं पाडली, खालून पाडली, मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. डब्याची चाळणी झाली, पंख्याच्या घरघरीने घर डोक्यावर घेतलं, पण डब्याचा ताप काही उतरेना आणि याच्या पोटातलं दुखणंही थांबेना.

शेवटी एका रविवारी तो बायकोला घेऊन साडूकडे गेला. बायका गच्चीवर गेल्याबरोबर त्याने डब्याला कान लावला, मग फ्रिजच्या मागे डोकं घातलं. फ्रिजची वायर डब्याला वळसा घालून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती!

मागे साडू उभा होता. त्याने हळूच दार लोटलं. "पहिल्याच दिवशी बंद पडला हो. हिच्याजवळ बोलू नका."

याला हसू आवरेना. साडूने मात्र एक लांब सुस्कारा सोडला.

"नशीबवान आहात, साडूभाऊ. तुमचा निदान तापतो तरी!"