मान म्हणून नुसता नारळ

"नाखवा, सोडा नारल! दर्या खोळंबलाय!"

धक्क्यावर एकच ओरडा झाला. शिवेच्या खाडीनं नारळी पौर्णिमेचा असा थाट कधी पाहिला नव्हता. होड्यांना पताका लागल्या होत्या. परळहून बँड आला होता. खुर्चीवर म्युनिसिपालिटीचे मोठे साहेब बसले होते, आणि पायरीवर जरीची पगडी घालून हरेश्वर नाखवा उभा होता.

पूजेचं ताट घेऊन त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या गुणवंतीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिचा नवरा एके काळी दारात बसून जाळी विणायचा. मग तानसा तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं. "एक नळ आपल्या कोळीवाड्यात आणीन," असं सांगून हरेश्वर म्युनिसिपालिटीचा मेंबर झाला, आणि नळ त्यानं खरोखर आणला. आता तो थेट लाटसाहेबाच्या कौन्सिलात जायचा होता. मोठ्या साहेबांचा एक शब्द तेवढा बाकी होता.

तो का मिळू नये? नाखव्यासारखा निर्मळ माणूस दुसरा होता कुठे? गटाराचा मक्ता असो की नळाचा, मक्तेदार दारात येत. हरेश्वर चारचौघांत हात जोडून म्हणे, "पैशाला मी शिवणार नाय. मान म्हणून नुसता नारल द्या." आया आपल्या पोरांना हे वाक्य पाठ करायला लावत.

गुणवंतीची तक्रार एकच. माळा नारळांनी भरलेला, पण कालवणासाठी खवायला एक मिळेल तर शपथ! "देवाचे हायेत, हात लावू नको," असं हरेश्वर दटावी, आणि ती ऐके. आज मात्र तिनं ऐकलं नाही. दर्याराजाला बाजारातला पिचका नारळ द्यायचा? सकाळीच तिनं ताटातला नारळ बदलला. माळ्यावरचा सगळ्यांत जड निवडून त्याला सोनेरी कागद गुंडाळला. त्याच्या डोळ्यांवर कुणीतरी लाल लाख लावली होती. देणारा किती भाविक, असं तिला वाटलं.

बँड चढला. गुणवंतीनं ताट कलतं केलं. हरेश्वरनं ताटाला नुसतं बोट लावलं. त्याची नजर साहेबांवर होती.

नारळ धोंड्यासारखा तळाला गेला.

बँड गप्प झाला. नारळ तरंगतो, हे कोळ्याच्या रांगत्या पोरालाही ठाऊक. "अगो बाय, दर्या कोपला!" म्हातारी जाईबाई ऊर बडवू लागली.

हरेश्वरनं चमकून बायकोकडे पाहिलं. "कुठला नारल आणलास गो?" तो पुटपुटला, आणि उत्तराची वाट न पाहता पगडीसकट त्यानं पाण्यात उडी घेतली.

नारळ पोटाशी धरून तो वर आला. शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला, नारळ दगडावर आपटून फुटला, आणि पायऱ्यांवर सोन्याच्या मोहरा खळखळत पसरल्या.

मग जाईबाईचाच आवाज फुटला, "कोपला नाय, पावला! दर्यानं नारलाचं सोनं केलं!"

झालं! बायकांनी फेर धरला. बँड बेभान वाजू लागला. तरण्या पोरांनी भिजलेल्या नाखव्याला खांद्यावर घेतलं. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. हरेश्वरनं डोळे मिटून हात जोडले. गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि आता त्याला स्वतःलाही तो चमत्कार थोडाथोडा पटू लागला होता.

गुणवंतीचा आनंद पोटात मावेना. फेरातून बाहेर येऊन, साऱ्या कल्लोळावर आवाज चढवून तिनं साहेबांना सांगितलं, "येवढ्यान काय झालं, साहेब! आमच्या घरी चला. मक्तेदारांनी दिलेले समदे नारल असेच जड हायेत!"