न बघता काढलेलं चित्र

“हलू नका, बाबा. नुसतं माझ्याकडे बघा.”

“बघतोच आहे. तू आधी कागदाकडे बघ. भलतंच काहीतरी होऊन बसेल.”

“तेच तर व्हायला हवंय!”

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बापलेक समोरासमोर बसले होते. लेक चित्रं काढायला लागून वर्ष होत आलं होतं. तिच्यासारख्या नवशिक्या चित्रकारांचा एक गट होता. रोज एक सराव करायचा आणि वेडावाकडा जसा जमेल तसा फोनवरून सगळ्यांना दाखवायचा. आजचा सराव म्हणजे समोरच्या माणसावरून नजर हलवायची नाही आणि कागदाकडे बघायचंही नाही.

नोकरी सोडून ती उद्या दुसऱ्या गावी चित्रकला शिकायला निघणार होती. हे सांगितल्यापासून बाबांनी त्या विषयाला कुलूपच घातलं होतं. जा नाही, जाऊ नको नाही. असं त्यांना गप्प ठेवून निघायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. चित्राच्या निमित्ताने तरी ते बोलतील, एवढीच आशा.

तिचं चित्र झालं. बाबांचं नाक कानाला जाऊन भिडलं होतं आणि चष्मा हनुवटीवर लोंबत होता.

“यासाठी नोकरी सोडलीस?” बाबा म्हणाले, पण मिशीत हसले.

“मग तुम्ही काढून दाखवा. बोलायला काय जातं!”

बाबांनी पेन्सिल घेतली, तीही स्क्रू पिळायला निघाल्यासारखी. आधी अवघडून, मग इतकं एकटक ते तिच्याकडे बघू लागले की तिलाच नजर चुकवावीशी वाटली. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांकडे असं बघत बसलेच नव्हते. बाबांचा हात मात्र न अडखळता चालला होता.

पेन्सिल थांबली तशी दोघांनी एकदमच कागदावर माना झुकवल्या.

तोंडाचा पार बोजवारा उडाला होता. डोळ्यावर डोळा चढला होता. पण दोन्ही बाजूंना दोन वेण्या होत्या, पेड न् पेड नीट, आणि खाली रिबिनींची फुलं. तिचे केस तर कॉलेजपासून मानेपर्यंतच होते.

ती शाळेत होती तेव्हा आई कामावर पहाटेच्या पाळीला जायची. मग अर्धी दाढी झालेले बाबा दातांत रिबीन धरून तिच्या वेण्या घालायचे. तिने फोन उचलला.

“आज हेच पाठवते सगळ्यांना.”

“अगं, नको. एक वेणी केवढी वर गेलीय बघ.”

“तेव्हाही जायचीच की.”

“जायची खरी.” बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “शाळेत पोरी हसायच्या तुला. थांब, सोडून परत घालतो म्हणायचो. पण तू कुठली थांबतेस! तशीच पळायचीस.”

बाबा बराच वेळ काच पुसत राहिले.

“उद्याची गाडी किती वाजता आहे गं?”