लिपस्टिकची रेघ

"ऊठ. आणि हे काय आलंय ते बघ."

हिरोनं एक डोळा उघडला. मामानं त्याच्या नाकासमोर एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी धरली होती. पट्टीच्या खिडकीत दोन लाल रेघा.

"ही तर ताई वाटतात ती एचआयव्हीची टेस्ट," हिरो म्हणाला. "कोणाची?"

"तोंड सताड उघडं टाकून झोपतं कोण या खोलीत? हिरड्यांवरून काडी फिरवायला कितीसा वेळ लागतो?"

हिरो ताडकन उठून बसला.

दवाखान्यातल्या ताई ही पाकिटं गल्लीत वाटून जायच्या. एक रेघ आली तर सुटलात, दोन आल्या तर येऊन रक्त द्या. पुरुष गिऱ्हाइकांवर पोट भरणारे गल्लीत जेवढे होते, त्या सगळ्यांनी टेस्ट करून घेतली होती. हिरो तेवढा अडून बसला होता. गल्लीतलाच मास्तर तपासून घ्यायला गेला आणि लगेच आटोपला, म्हणजे तपासणीच बाधते, असं त्याचं ठाम मत.

"अरे गाढवा, गेला तेव्हाच त्याचा सापळा झाला होता. उशिरा गेला म्हणून मेला," हे सांगून सांगून मामाचं तोंड दुखलं होतं.

मामा कोणाचाच मामा नव्हता. दिसेल त्याचा मामा बनवायचा, म्हणून नाव पडलं. साखरेच्या डब्यात मीठ भर, झोपलेल्याला काजळाच्या मिशा काढ, असले उद्योग पन्नाशीतही चालू. फोनलाही कोंबड्याची बांग लावलेली, आणि तीही संध्याकाळची. कोंबडा आरवला की मामा एक गोळी गिळायचा. केस उगवायची, म्हणे. डोकं अजून पाटीसारखं कोरं होतं.

"आतून मुळं धरतायत," मामा सांगायचा, आणि त्याचा खालचा ओठ थरथरायचा. थाप मारली की हसू दाबताना त्याचा ओठ हमखास दगा द्यायचा.

हिरोनं आता त्या ओठाकडेच टक लावली. "गंमत करतोयस ना?"

"रेघा दोन आहेत की नाहीत? मोज."

ओठ जागच्या जागी होता.

हिरोनं तोंडही धुतलं नाही. उलटा शर्ट अडकवला आणि दवाखाना गाठला.

"दोन रेघा आल्यात, ताई. संपलो मी."

"संपतोस कसला? रोज एक गोळी घ्यायची, ठरल्या वेळी. घेणारे मजेत जगतायत," ताई म्हणाल्या. "पण आधी रक्ताला बोलू दे. हात पुढे कर. आणि पाय हलवू नकोस, टेबल नाचतंय माझं."

बाकावर बसून त्यानं मनातल्या मनात स्वतःचा तेरावासुद्धा घालून टाकला. मग ताईंनी आत बोलावलं.

"काहीही नाहीये तुला. तीन महिन्यांनी परत ये. कंडोम घेऊन जा. आणि शर्ट सुलटा घाल."

त्या आनंदात हिरो दिवसभर गावभर हिंडला. संध्याकाळी खोलीत शिरला तो चप्पल हातात घेऊनच.

"भामट्या! काही नाहीये मला! माझ्याच लिपस्टिकनं रेघ ओढलीस ना?"

मामानं भाजी परतता परतता वर पाहिलं. "खरंच काही नाही? नीट सांगितलं ताईंनी?"

"रक्त बघून सांगितलं! बोल, लिपस्टिकच ना?"

"लिपस्टिकच, बाबा. सापडलो." मामाचा खालचा ओठ थरथरला.

हिरो पोट धरून हसला. चप्पल खाली टाकून त्यानं खोलीच्या खिडकीत पडलेली सकाळची पट्टी उचलली. "ही आठवण म्हणून भिंतीला लावतो. आधी तुझी कलाकुसर पुसू दे."

त्यानं अंगठ्याला थुंकी लावून दुसरी रेघ घासली. अंगठा कोराच राहिला. मग त्यानं कापसाचा बोळा पाण्यात बुडवून घासलं. बोळाही पांढराच. रेघ वरून ओढलेली नव्हतीच. आतून उमटली होती.

खुंटीला लटकलेल्या पिशवीत कोंबडा आरवला.

"केसांच्या गोळीची वेळ झाली," मामा म्हणाला. "पाणी दे रे जरा."

त्याचा ओठ थरथरत होता.