बंद करताना

डेअरीचं दूध मोजायला योगेशने मराठीत प्रोग्राम लिहिला आणि कोडसकट फुकट वाटला. वापरणाऱ्याला भीड पडू नये म्हणून पैशांची मदत मागणारी ओळ आणि आपला पत्ता प्रोग्राम बंद करतानाच दिसेल, अशी सोय त्याने केली होती. 'जमलं तर पाठवा, नाही पाठवलं तरी हा चालूच राहील.' तीन वर्षांत साधं पोस्टकार्ड आलं नाही. शेवटी संगमनेरातला कॉम्प्युटर विकून तो पशुखाद्याच्या कंपनीत लागला.

कर्जतकडच्या एका डेअरीत पोती पोचवायला गेला, तर तिथल्या पडद्यावर त्याचाच प्रोग्राम.

"बरा चालतो का?" त्याने विचारलं.

"लई झ्याक," कॉम्प्युटरवर बसणाऱ्या जयमालाबाई म्हणाल्या. "करनाराचा पत्ता असता तर चेअरमननी कवाच कायतरी धाडलं असतं. लई हुडकला."

"बंद करताना काही दिसत नाही?"

"बंद कोन करतंय? दूध आटपायच्या आत रोज लाईट जाती. पन नोंद एक जात न्हाई, असा केलाय. का वो, तुमी वळखता त्याला?"

"पूर्वी ओळखायचो," योगेश म्हणाला आणि पोत्यांची पावती सहीसाठी पुढे केली.