कांडीची टकटक

इंडोनेशियातल्या लेंबेहच्या सामुद्रधुनीत पाणबुड्या वाटाड्यांची एक रीत आहे. पाण्याखाली हाक मारता येत नाही. म्हणून एखादा बारीक, दुर्मीळ जीव सापडला की पोलादी कांडीनं आपल्या पाठीवरच्या सिलिंडरवर तीनदा टकटक करायची, म्हणजे बाकीचे बघायला जमतात.

त्या सकाळी पर्यटक पाहुणे यायच्या आधी वाटाडी माइस्के प्रवाळावर जीव हुडकायला उतरली. तिच्यासोबतचे जुने वाटाडे आल्फ्रेट्सकाका मागून येणार होते. थोड्या वेळानं खालच्या अंगाला टकटक झाली. ती आवाजामागं गेली. तिथं काका नव्हते, पण पंख्यासारख्या प्रवाळावर तांदळाच्या दाण्याएवढा समुद्रघोडा डुलत होता. अंगावर प्रवाळासारख्याच गुलाबी पुळ्या, पोट पिल्लांनी टम्म. टकटक तोवर पुढं सरकली होती. तिथं काचेसारखी कोळंबी निघाली, पोटातली अंडीसुद्धा दिसावीत अशी.

काकांच्या नजरेला तोड नाही, माइस्केच्या मनात आलं.

वर येऊन, गळ्यापर्यंत पाण्यातच राहून, तिनं होडीची शिडी धरली. काका कोरड्या कपड्यांत तळलेली केळी ठेच्याला लावून खात बसले होते.

"काका, तुम्ही वर कधी आलात?"

"खाली गेलो असतो तर वर आलो असतो ना, पोरी. माझी हवेची नळी गळतेय. म्हटलं, खाऊन घेऊ."

तेवढ्यात टकटक झाली. माइस्केच्या पाठीवरच्या सिलिंडरवर, तीनदा, सावकाश.

काका हसले. "आता कुणाला बोलावतेस? एवढं काय बारीक सापडलं?"

माइस्केचे दोन्ही हात शिडीवर होते.